चाचांचा गवाह

आज दुपारी पुन्हा एक गाठ सलाइनमध्ये आली. लिंबाएवढी गाठ आणि खोकल्याच्या औषधाएवढी बाटली, कोंबून बसवलेली. मी ती बाहेर काढली, मोठ्या बरणीत तुकडा टिकवणारं फॉर्मलिन ओतून त्यात टाकली आणि वहीत नोंद केली. नर्सिंग होमला फोन केला नाही. फोन केला की तिकडची सिस्टर 'हो मॅडम, हो मॅडम' करते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सलाइनमध्येच पाठवते. सव्वीस वर्षं हे काम करतेय, आता भांडायचं त्राण राहिलेलं नाही. चाचा असते तर त्यांनी स्कूटर काढली असती.

चाचा आमच्या लॅबमधले सगळ्यात जुने टेक्निशियन. पनवेलच्याच कोकणी मुसलमान घरातले. आखातातल्या एका इस्पितळात वीस वर्षं काढून परत आले आणि तळ्याकाठच्या आमच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये लागले. तिकडचं सोडून इथे कशाला आलात असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, तिकडे सगळं वेळेवर येतं, माझी गरज कुणाला? अंगात कायम पूर्ण बाह्यांचा पांढराशुभ्र शर्ट आणि कानामागे अत्तराचा फाया. त्या अत्तराची फॉर्मलिनशी दिवसभर झटापट चालायची आणि संध्याकाळपर्यंत फॉर्मलिन जिंकलेलं असायचं.

त्यांचा जगाला एकच प्रश्न होता: "वेळ काय?" म्हणजे आत्ता किती वाजले ते नव्हे. गाठ पेशंटच्या अंगातून किती वाजता निघाली आणि फॉर्मलिनमध्ये किती वाजता पडली, ते. मधला वेळ जितका जास्त तितका तुकडा आतून नासतो, हे आम्हालाही शिकवलेलं असतं. पण चाचांना ते दुखायचं. बाटलीवर वेळ लिहिलेली नसली की ते आधी आम्हाला झापायचे, मग फोनवर सिस्टरला, आणि तरी समाधान झालं नाही तर फॉर्मलिनचा कॅन स्कूटरच्या पायाशी ठेवून थेट नर्सिंग होमला जायचे. उरण रोडपासून कळंबोलीपर्यंतच्या सगळ्या आयाबाया त्यांना ओळखत. 'आला बघा वेळवाला' म्हणत. पुढे पुढे ती खोड बाहेरही पसरली. लग्नात ताट पुढे आलं की बिर्याणी किती वाजता उतरवली ते विचारायचे. चहावाल्याला विचारायचे, दूध कधीचं. त्यांच्या बायकोने एकदा मला सांगितलं होतं की मुलगी झाली तेव्हासुद्धा दवाखान्याच्या दारात यांचा पहिला प्रश्न तोच होता.

सकाळी लॅबमध्ये येताना ते मच्छी मार्केटवरून यायचे. मासळीसाठी नव्हे, बर्फासाठी. तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात, तो गार असेल तरच त्याचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ काप निघतात. आमच्याकडे फ्रिज होता, पण फ्रिजचा बर्फ चाचांना पसंत नव्हता, फार घाई करतो म्हणायचे. मार्केटात उलव्याकडच्या कोळीवाड्यातली एक मावशी बसायची. तिच्या टोपलीखालचा बर्फ ते थर्मासमध्ये भरून आणत. ठोकळ्यांना बोंबलाचा वास येतो म्हणून डॉक्टर मॅडम कुरकुर करायच्या. मॅडम संध्याकाळी यायच्या, तीन लॅब सांभाळायच्या, सूक्ष्मदर्शकातून बघून रिपोर्टवर सही करायच्या. वासावरून निदान बदलत नाही मॅडम, असं चाचा अदबीने सांगायचे आणि बर्फ तोच आणायचे.

काप काढताना ते श्वास रोखत. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नसे. एकदा मॅडमचा फोन वाजत राहिला तरी त्यांनी मान वर केली नाही.

आमचं काम काय असतं ते लोकांना सांगताना मी अजून चाचांचंच उदाहरण वापरते. कॅन्सर आहे की नाही एवढं बघून आता भागत नाही. कुठलं औषध लागू पडेल ते त्या पेशी कुठली प्रथिनं बनवतात यावर ठरतं. चाचा म्हणायचे, जीन म्हणजे स्वयंपाकाची वही. प्रत्येक पेशीच्या घरात तीच वही, पानं तीच. पण वहीत पुरणपोळी लिहिलीय म्हणून आज घरात पुरणपोळी आहे असं होत नाही. आज काय शिजलं ते भांड्याचं झाकण काढून बघायचं. औषध वहीवर चालत नाही, शिजलेल्यावर चालतं. आम्ही तेवढं झाकण काढतो. कापावर खास रसायन सोडतो. हवं ते प्रथिन असलं तर पेशी तपकिरी होतात, नसलं तर निळ्या राहतात.

आणि इथे चाचांचा गवाह यायचा. आखातातून आणलेला खजुराचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात जुन्या ऑपरेशनांचे ठोकळे: कुणाचं अपेंडिक्स, कुणाचे टॉन्सिल्स, कुणाच्या गर्भाशयाचा तुकडा. ज्यात अमुक प्रथिन असतंच असतं असे. पेशंटच्या कापाशेजारी त्याच काचेवर ते गवाहाचा काप ठेवत. गवाह तपकिरी झाला तर रसायन नीट चाललं असं समजायचं. गवाहच निळा राहिला तर सगळं फेकून पुन्हा. सगळ्याच लॅब हे करतात, त्याला कंट्रोल म्हणतात. पण चाचा त्या डब्याशी बोलायचे. चल मियाँ, आज सच बोल, असं म्हणून ठोकळा उचलायचे. नवीन मुली हसायच्या. मीही हसले आहे.

आमच्या रजिस्टरमध्ये 'आहे' आणि 'नाही' असे दोन रकाने होते. चाचांनी पट्टी घेऊन तिसरा आखला: 'सांगता येत नाही'. मॅडम वैतागल्या. पेशंटला असं उत्तर द्यायचं का म्हणाल्या. चाचा म्हणाले, "मॅडम, 'आहे' म्हणणं सोपं, ते डोळ्यांना दिसतं. 'नाही' म्हणायचा हक्क कमवावा लागतो."

मी त्यांना घाबरायचे, हे सांगायला हवं. त्या घाबरण्यातूनच पुढचं सगळं झालं.

बर्फवाल्या मावशीने एक दिवस थर्मास भरता भरता चाचांना सांगितलं की छातीत गाठ लागते, दुखत मात्र नाही. चाचांनीच तिला डॉक्टरकडे धाडलं. सुईने तुकडा काढून वाशीच्या एका लॅबमध्ये तपासला, कॅन्सर निघाला, आणि एका शनिवारी उरण रोडवरच्या छोट्या नर्सिंग होममध्ये तिचं ऑपरेशन झालं. गाठ आमच्याकडे यायची होती. नेमके त्याच शनिवारी चाचा भाचीच्या लग्नाला महाडला गेले होते. जाताना मला दोनदा सांगून गेले: आली की लगेच चिरायची, पावासारखी, कापांमध्ये कागद घालायचा, म्हणजे फॉर्मलिन आतपर्यंत पोचेल. आणि वेळ.

गाठ संध्याकाळी पाचला आली. मी कुलूप हातात घेऊन उभी होते. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, नवीन पनवेलची बस चुकली असती तर तासाभराची निश्चिंती होती. बाटलीवर वेळ नव्हती. फोन करायचा तर सिस्टर शोधणार, कागद काढणार. मी पेन काढलं आणि लिहिलं: काढली साडेतीन, फॉर्मलिन पावणेचार. मनानेच. नुसती वेळ दिसली की चाचा झापणार नाहीत, एवढाच विचार होता. गाठ चिरलीही नाही. फॉर्मलिनमध्ये आहे ना, सोमवारी बघू, असं स्वतःला सांगून निघाले.

सोमवारी चाचांनी गाठ उघडली. बाहेरून करडी, घट्ट. आतून मऊ आणि लालसर, म्हणजे फॉर्मलिन आत पोचलंच नव्हतं. चिरली का नाहीस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बंद करता करता आली, राहिलं. त्यांनी लेबल वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि ज्याची मी तयारी ठेवली होती ते झापणं काही आलं नाही. त्यांनी गाठ चिरायला घेतली.

दोन दिवसांनी काच तयार झाली. मावशीला रोजची गोळी लागू पडेल की नाही ते त्या काचेवर ठरायचं होतं. प्रथिन असेल तर ती गोळी वर्षानुवर्षं घ्यायची आणि आजाराला लांब ठेवायचं. नसेल तर ती वाट बंद, नुसती कडक इंजेक्शनं, आणि पुढे काही धरायला नाही. काच निळी आली. गवाह मात्र छान तपकिरी. मॅडमनी बघितलं आणि 'नाही' लिहा म्हणाल्या. गवाह बोललाय, मग अडचण काय?

चाचा सूक्ष्मदर्शकावरून उठेनात. मग त्यांनी मला बोलावलं आणि काचेवरची एक जागा दाखवली. गाठीच्या शेजारी मावशीच्या स्वतःच्या निरोगी दूधनळ्या होत्या. निरोगी नळ्यांमध्ये हे प्रथिन थोडंफार असतंच. त्याही निळ्या होत्या. डब्यातला गवाह बोलला पण घरचा गवाह गप्प, चाचा म्हणाले, म्हणजे घरात काहीतरी बिघडलंय. तुकडा नासलाय, त्याच्या 'नाही'वर विश्वास ठेवता येणार नाही. मॅडमशी त्यांचा पहिल्यांदा आवाज चढला. मॅडम म्हणाल्या, नातेवाईक रोज फोन करतात, ऑन्कॉलॉजिस्ट थांबलाय. चाचा म्हणाले, थांबू दे. सुईने काढलेला तुकडा वाशीत आहे. तो काडीएवढा असतो, आतपर्यंत भिजलेला असणार. तो मागवू. मॅडमनी चार दिवस दिले.

वाशीच्या लॅबचा कागद नर्सिंग होममध्ये होता. चाचा स्कूटरवर आधी तिकडे गेले, मग वाशीला. नर्सिंग होमच्या सिस्टरशी काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ते चार दिवस मला जेवण गेलं नाही. रोज वाटायचं, सांगून टाकावं की ती वेळ माझी आहे, मनातली. रोज संध्याकाळी तोंड मिटून बस पकडायचे.

तिसऱ्या दिवशी मावशी स्वतः आली. अंगाला ड्रेसिंग, बरोबर सून. आमच्या बाकावर बसली. हातात रिकामी पिशवी होती, सवयीने आणलेली असावी. चाचांनी तिला सगळं खरं सांगितलं: पहिल्या तपासणीत दिसलं नाही, पण तुकडा बिघडलेला होता, म्हणून दुसरा बघतोय. कुणामुळे बिघडला ते सांगितलं नाही. मी दाराशी उभी होते.

मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पानी गढूल झाला म्हनून खाडीत मासली नाय, असा कुनी सांगावा का? तुमी बघा बरोबर. आमी थांबू."

चाचा इतकं समाधानाने हसलेले मी आधी पाहिले नव्हते. इतकी वर्षं मॅडमना जे पटवत होतो ते हिने एका वाक्यात सांगितलं, म्हणाले.

दुसरी काच चौथ्या दिवशी निघाली. डब्यातला गवाह तपकिरी, काडीएवढ्या तुकड्यातली एक निरोगी नळी तपकिरी, आणि कॅन्सरच्या पेशी तर दहातल्या आठ-नऊ तपकिरी. चाचांनी रजिस्टरमध्ये 'आहे' लिहिलं आणि डबा बंद करून त्यावर हात ठेवून बसले. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

मावशी अजून आहे. विमानतळाच्या गडबडीत तिचं घर हललं, बसायची जागा हलली, आता सून टोपली उचलते आणि ती नुसती पैसे घ्यायला बसते. मी तिच्याकडून मासळी घेत नाही. घेतली तर ती लॅबवाली म्हणून जास्तच घालते, आणि खाडीतले ते जास्तीचे निवटे मला घशाखाली उतरत नाहीत.

त्या प्रकरणानंतर चाचांमध्ये एक बदल झाला. पुढच्याच आठवड्यात ते भिंतीवरचं एक मोठं घड्याळ घेऊन आले आणि बाटल्या उतरवायच्या टेबलाच्या बरोबर वर ठोकलं. त्याला दोरीने एक पेन बांधलं. आणि 'वेळ काय' विचारणं बंद. आम्हालाही नाही, सिस्टरांनाही नाही. वेळ नसलेली बाटली आली तर स्वतः फोन करायचे, शांतपणे विचारून लिहायचे. आम्हाला वाटलं, वय झालं, थकले. मला हायसं वाटलं, कारण मला झापणं चुकलं. मी इतकाच विचार केला.

मग मशीन आलं. रसायनं तेच घालतं, तेच धुतं. चाचा निवृत्त झाले तरी आठवड्यातून एकदा यायचे, मशीनसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि मशीन गवाह विसरलं तर नाही ना ते बघायचे. येताना बर्फ आणायचे. त्याची गरज उरली नव्हती, पण नको म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही.

गेल्या वर्षी त्यांना खोकला लागला. आयुष्यात विडी ओढली नाही, तरी फुफ्फुसात गाठ निघाली, पसरलेली. बाहेरगावी पाठवलेल्या तपासण्यांमधून उपयोगाचं काही हाती आलं नाही. एक राहिली होती. एक प्रथिन असतं, ते त्या पेशी बनवत असतील तर नुसत्या गोळ्यांवर माणूस वर्षं काढतो. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये ते कधीकधी सापडतं. घरच्यांनी सगळी आशा त्या एका काचेवर ठेवली. ती काच आमच्याकडे व्हायची होती. चाचांचा तसा हट्ट होता.

मी अर्धा दिवस रजा टाकली आणि फॉर्मलिनची बाटली घेऊन नवीन पनवेलच्या त्या इस्पितळात गेले. बायॉप्सीच्या खोलीबाहेर उभी राहिले. सिस्टरने तुकडा दिला तो माझ्या हातांनी बाटलीत टाकला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि लिहिलं. लॅबमध्ये काप मी काढले, मशीनवर मी चढवले. गवाहासाठी खजुराच्या डब्यातलं अपेंडिक्स घेतलं. त्यात ते प्रथिन असणाऱ्या थोड्या पेशी हमखास मिळतात. काच आली. गवाह तपकिरी. गाठ निळी.

मी पुन्हा केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायला निघाले तेव्हा मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला.

चाचा स्वतः आले. जावई खाली गाडीत थांबला. ते एकेक पायरी चढत, मधल्या वळणावर बसून, वर आले. शर्ट तसाच पांढराशुभ्र, पण गळ्याभोवती दोन बोटं सैल. अत्तराच्या वासाला आता भांडायची ताकद नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनी हाताने थांबवलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसले. आधी गवाह बघितला. फार वेळ. मग गाठ.

"रंग चांगला लागलाय," ते म्हणाले. "काप पण सरळ निघालाय."

मी म्हटलं, अजून एकदा करून बघू का. त्यांनी मान हलवली आणि बाटली मागितली. चष्मा वर करून लेबल वाचलं.

"दहा वाजून सतरा मिनिटं," ते म्हणाले. "ही घड्याळात बघून लिहिलीस."

मी हो म्हटलं.

"मावशीची गाठ सकाळी अकराला निघाली होती. दुपारपर्यंत ट्रेमध्ये कोरडी पडली होती. तू साडेतीन लिहिलंस."

तुम्हाला माहीत होतं, मी विचारलं.

"वाशीचा कागद आणायला गेलो, तेव्हाच सिस्टरने सांगितलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"रोज बोलत होतो की. वेळ काय, वेळ काय. त्या भीतीनेच तू खोटी लिहिलीस." त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत ते टेबलाला धरून राहिले. "चूक माझी पण होती, बेटा. म्हणून घड्याळ आणलं."

मी त्यांच्यासमोर उभी राहून रडले, लपायला गेले नाही. त्यांनी रडू दिलं. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. पट्टीने आखलेले तीन रकाने अजून तसेच होते. माझी नजर तिसऱ्यावर गेली, 'सांगता येत नाही'वर, आणि ते त्यांनी बघितलं.

"नको," ते म्हणाले. "गवाह खरा बोललाय. तुकडा ताजा होता. तू हक्क कमावलायस, लिही."

मी 'नाही'च्या रकान्यात खूण केली.

"वेळ पण," चाचा म्हणाले.

मी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. तेवढी लिहिली.